इंजिनामागची जाळी

वडलांना जिंतूरहून परभणीच्या दवाखान्यात नेताना मोटार वाटेतच बंद पडली आणि ते मागच्या सीटवरच गेले. पेट्रोलची जाळी कचऱ्यानं तुंबली होती. दहावा उरकताच दादानं ड्रायव्हर सटवाजीला हाकलायचं ठरवलं. रागानं धुमसणारी बहीणही त्याच्यामागोमाग मोटारीपाशी आली. “सटवाजी, जाळी साफ करायला काय झालं होतं?” “ताई, ती इंजिनामागं हाय. इंजिन उतरवल्याबिगर तिथं लेकराचाबी हात जायचा न्हाई.” “बहाणे पुरे!” तिनं बॉनेट उघडून हात आत खुपसला. मनगट अडकलं, जाळी बोटभर लांबच राहिली. हिसडा दिला तशी काचेची बांगडी फुटली. मोटार बनवणाऱ्यानं इथं स्वतःचा हात एकदा तरी घातला होता का? “सटवाजी, चालता हो!” दादा ओरडला. तिनं बांगडीचा रक्ताळलेला तुकडा दादाच्या तळहातावर ठेवला. “दुसरा आत पडलाय. तेवढा काढून दाखव, मग ह्याला हाकल.”