नोराची गाडी

“बाई, माहे बूट कुठी ठेवले? गाडीची वेळ झाली. नोरा येऊन राह्यली.”

इंद्रभान दारात उभे होते. इस्त्रीचा शर्ट अंगात, पण बटणं वरखाली लागलेली. सारिकाने ती सोडून नीट लावून दिली. नवऱ्याने आपल्याला ‘बाई’ म्हणायचं, याची आता तिला सवय झाली होती. निदान ती तसं सांगायची.

नोरा ही आयर्लंडची मुलगी. इंद्रभान नागपूरला समाजकार्य शिकत असताना एका उन्हाळ्यात अमेरिकेला गेले होते, शाळकरी मुलांच्या सुट्टीतल्या शिबिरावर काम करायला. तळ्याकाठी तंबू. मुलांना होडी चालवायला शिकवायचं आणि संध्याकाळी ढीगभर भांडी घासायची. तिथं पेरू देशाचा पेद्रो भेटला आणि नोरा भेटली. आताच्या या विसरण्याच्या दुखण्यात बाकी सगळं पुसलं गेलं. कॉलेजातली नोकरी, आईचं मरण, पोराचं बारसं, सारिका. तो एक उन्हाळा तेवढा लख्ख राहिला.

“पेद्रो लय दिलदार माणूस,” बूट चढवताना ते म्हणाले. “त्याले बी बोलावलं हाये मी.”

पेद्रो मागच्या वर्षी वारला होता. त्याच्या मुलीचा फोन सारिकानेच घेतला होता. इंद्रभानला तिने काही सांगितलं नाही.

ओसरीवर त्यांची बहीण बेबीताई शेंगा फोडत बसली होती. “वैनी, आता कायले नेतं त्याले टेसनावर? उद्या धम्मरत्न येऊनच राह्यला ना न्यायले.”

धम्मरत्न हा त्यांचा मुलगा, पुण्याला असतो. तिथल्या एका वृद्धाश्रमात त्याने बापासाठी जागा बघून ठेवली होती. घरात अनोळखी बाई शिरली असं वाटून इंद्रभानने सारिकाला ढकललं, तिचा हात मोडला, त्यानंतर धम्मरत्नने कोणाचं ऐकलं नाही. ‘आई, तुझ्यानं होत नाही आता,’ एवढंच फोनवर म्हणाला.

डॉक्टर म्हणाले होते, जुन्या जागा दाखवत राहा. कॉलेज दाखवून झालं. जुनं घर दाखवून झालं. स्टेशन तेवढं राहिलं होतं. तिथंही काही झालं नाही तर पुढे काय, या भीतीनेच तिने ते मागे ठेवलं होतं.

“एक डाव नेऊन पाह्यतो,” ती बेबीताईला म्हणाली आणि डोक्यावर पदर घेतला.

पूर्वी ती बाजारातून निघाली की लोक थांबून बघायचे. केस पांढरे झाल्यापासून कोणी मान वळवत नव्हतं. रिक्षावाल्यानेही बघितलं नाही.

नांदुऱ्याच्या फलाटावर ऊन तापलं होतं. दोघं बाकावर बसले.

“लाल होडी होती आमची,” इंद्रभान सांगू लागले. “तिनं मले मुद्दाम पाण्यात पाडलं. मंग हासत बसली.”

“हिरवी,” सारिका बोलून गेली.

“तुले काय मालूम?”

“तुमीच सांगतलं होतं.”

गाडी आली. इंद्रभान ताडकन उठले. डब्यांच्या कडेने चालत ते उतरणारा प्रत्येक चेहरा बघू लागले. बोचकी, पोती, झोपलेली लेकरं. सारिका दोन पावलं मागे राहून त्यांच्याकडे बघत होती. गाडी हलली. शेवटचा डबाही गेला आणि फलाट रिकामा झाला.

ते परत येऊन बाकावर बसले.

“नाही आली. खोटं बोलली मले. म्हणे, घरदार सोडून येईन, नांदुऱ्यालेच राहीन तुह्यासंग.”

“ती आली होती,” सारिका म्हणाली.

“तू पाह्यली?”

“हाव.”

“मंग गेली कुठी?”

ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. बराच वेळ. त्यांची नजर तिच्या कपाळावर थांबली, डोळ्यांवर आली, आणि मग रुळांकडे निघून गेली.

“तू चांगली बाई हायेस,” ते म्हणाले. “उद्या बी आणशीन मले?”

“हाव,” ती म्हणाली आणि त्यांना हाताला धरून उठवलं.

चाळीसेक वर्षांपूर्वी याच फलाटावर एक पोरगी हातात पेटी घेऊन गाडीतून उतरली होती. इंद्रभानच्या आईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, “हे असलं नाव मले नाही बोलता येत, बाई,” म्हणाली आणि उभ्या उभ्या नोराची सारिका केली.