साडेसातचा मुहूर्त

फ्रिस्कोच्या त्या अपार्टमेंटमध्ये शेजारी राहणाऱ्या मालिनी आंटींकडे नेत्रा गेली ती लॅपटॉप काखेत मारूनच. ऑफिसात चौघांना कमी केलं होतं आणि चौघांचंही काम हिच्या गळ्यात पडलं होतं.

“हॅपी न्यू इयर, आंटी. बसत नाही हं, आठला मीटिंग आहे.”

“नवं वर्ष लागलंय कुठे अजून?” आंटी म्हणाल्या. “जुनं संपलंय, नवं लागायचंय. आमच्या श्रीलंकेत या मधल्या वेळात कुणी कामाला हात लावत नाही. चूलही पेटवत नाही. मुहूर्त लागला की चूल पेटवून आधी घट्ट दूधभात करायचा, थापून वड्या पाडायच्या. तोवर नुसतं बसायचं.”

“मुहूर्त कधी आहे?”

“साडेसातला. तोवर माझ्या घरात ते यंत्र उघडायचं नाही.”

त्यांचा सण मोडायला नको म्हणून नेत्रा सोफ्यावर टेकली. दुसऱ्याच्या हुकमाने का होईना, कितीतरी महिन्यांनी हात रिकामे झाले होते. डोळा कधी लागला ते तिचं तिलाच कळलं नाही.

आंटींनी हलवून उठवलं तेव्हा बरोब्बर साडेसात वाजले होते.

“लागलं बघ नवं वर्ष! तोंड गोड कर आणि मग जा.”

त्यांनी फ्रिज उघडून दूधभाताच्या वड्यांचा डबा काढला. डबा निम्मा संपलेला होता.

“थांब, गरम करून देते.”

“नको आंटी,” नेत्रा म्हणाली आणि तिने गारढोण वडी तशीच तोंडात टाकली. “उद्या किती वाजताचा मुहूर्त आहे?”