ओळखीचा चेहरा

एकेचाळीस नंबरच्या खुर्चीवरची बाई फुकटी आहे, असं चाळणीने साडेदहालाच ठरवून टाकलं.

विमानतळावरच्या त्या लाउंजच्या काउंटरवर चाळणीला आठ वर्षं झाली होती. माणसं चाळून आत सोडते म्हणून हे नाव तिला सहकाऱ्यांनी ठेवलं होतं, आणि तिला ते आवडायचं. आज आतल्या शहाण्णव खुर्च्या भरलेल्या होत्या. दाराबाहेर चाळीस माणसं ताटकळत होती.

"आमचं विमान या रांगेतूनच सुटणार आहे का हो?" टाय सैल केलेला एक जण ओरडला. "कार्डं आमच्याकडे आणि खुर्च्या भलत्यांकडे!"

मॅनेजरचा फोन येऊन गेला होता. खुर्च्या मोकळ्या करा, एवढंच तो म्हणाला होता.

अलीकडे एक नवी चलाखी निघाली होती. रद्द करता येणारं तिकीट काढायचं, त्यावर लाउंजमध्ये शिरायचं, तासन्‌तास खात बसायचं आणि तिकीट रद्द करून घरी जायचं. अशा अकरा जणांना चाळणीने या महिन्यात पकडलं होतं. एकदा पाहिलेला चेहरा ती विसरत नसे. हा चेहरा तर तिने कितीतरी वेळा पाहिला होता.

सकाळच्या पाळीने बाईला आत सोडलं होतं. चाळणीने स्क्रीनवर नोंद उघडली. पास खरा. तिकीट खरं, रद्द करता येणारं. आधीच्या भेटी: शून्य.

शून्य? म्हणजे दर वेळी नाव बदलून येते.

टेबलाखाली फरशी पुसणारा ओला मॉप आला. चाळणीने स्क्रीनवरची नजर न हलवता पाय वर घेतले. मॉप पुढे गेला, तिने पाय खाली ठेवले.

बाई उठली. नवखी माणसं वॉशरूम शोधताना हमखास डावीकडे वळतात आणि आरशाच्या भिंतीपाशी अडतात. ही पाटीकडे न बघता सरळ उजवीकडे गेली. परत येऊन पर्स मांडीवर घेऊन बसली. समोर चहाचा एकच कप. शेजारच्या पोराने सरबत सांडलं, तशी ती दचकून अर्धी उठली, मग खुर्चीचे हात घट्ट धरून पुन्हा बसली. मनात चोर असल्याशिवाय माणूस असं दचकत नाही, चाळणीच्या मनात आलं.

ती बाईच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिली.

"कुठे निघालात काकू?"

"मुलीकडे. बाळंतपणाला." बाईने मोबाइल पुढे केला. "सगळं तिनेच काढून दिलंय. विमानात पहिल्यांदाच बसणार आहे."

"आणि रद्द करता येणारं तिकीट कशाला?"

"तारीख पुढंमागं होते ना. काल रात्रीच दवाखान्यात नेलंय तिला. जावई बाहेरगावी, पोर एकटीच आहे."

उत्तर तयार होतं. तयार उत्तरांचा चाळणीला फार अनुभव होता.

"पहिल्यांदाच म्हणता, आणि इथला कोपरान्‌कोपरा माहीत?"

आजूबाजूच्या चार माना वळल्या. दाराकडून टायवाल्याचा आवाज आला, "काढा हो बाहेर! आम्ही काय वेडे म्हणून उभे आहोत?"

चाळणीने खिशातून फोन काढून सिक्युरिटीचा नंबर लावला. चौकशीला नेलं की तासभर तरी सुटका नसे. बाईचं विमान पन्नास मिनिटांनी होतं.

"ताई, असं नका करू," बाई म्हणाली. "हे विमान चुकलं तर पुढचं उद्या आहे."

"मग खरं सांगा. मी चेहरा विसरत नाही. या आधी आलाय की नाही तुम्ही इथे?"

"आलेय."

"किती वेळा?"

"रोज."

चाळणी हसली. आता ही बारावी. "रोज येत होतात, मग नोंद कशी नाही तुमची?"

"मागच्या दाराने यायचे मी. तिथे नोंद नसते." बाईने पर्स बाजूला ठेवली. एक हात कपाळावर आडवा धरला, टोपीसारखा. दुसऱ्या हाताने नाक आणि तोंड झाकलं, मास्कसारखं. मधे फक्त डोळे उरले, तेही जमिनीकडे पाहणारे.

चाळणीच्या हातातल्या फोनमधून सिक्युरिटीवाला "हॅलो, बोला, हॅलो" करत राहिला.

बाईने हात खाली घेतले.

"एकोणीस वर्षं होते इथे," ती हळूच म्हणाली. "तुम्ही पाय वर घ्यायचात ना ताई, तेव्हा टेबलाखाली मीच असायचे."