दुपारनंतरचं कोर्ट

“आधी कायद्याची ढाल पुढे कर, खरं-खोटं मग बघू,” असं व्हर्लीनला तिचे वकील वडील सांगत. आता तिच्यावरच वेळ आली होती. जज हॅस्केल जेवणानंतर कोर्टात झोपतात, असं तिनं टेक्सासमधल्या आपल्या गावच्या पेपरात लिहिलं. त्यांनी तक्रार केली आणि तिची वकिलीची सनद धोक्यात आली.

“बोलण्या-लिहिण्यावरून केलेले दावे साक्षीपुरावे न घेता दारातच फेटाळायचा कायदा आहे. तो मला लावा,” ती चौकशी समितीला हळू आवाजात म्हणाली.

“तो दाव्यांसाठी, बाई,” समोरचे वकील अ‍ॅम्स्लर म्हणाले. “ही वकिलांच्या शिस्तीची चौकशी. इथं तो चालत नाही.”

“बरं, राहिलं. मग पुरावा ऐका. माझे एकतीस साक्षीदार आहेत. पहिले खुद्द जजसाहेब.”

मागे बसलेल्या हॅस्केलसाहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी अ‍ॅम्स्लरांची बाही ओढून कानात काहीतरी सांगितलं.

“तसं पाहिलं तर,” अ‍ॅम्स्लर घसा खाकरून म्हणाले, “तो कायदा इथंही चालावा.”

समिती हसू आवरत उठली. तक्रार फेटाळली गेली.

बाहेर जजसाहेबांनी तिला गाठलं. “एकतीस? खरंच?”

“बत्तीस. तुमचा शिपाई उद्या येणार होता.”

ते ओशाळले. “रक्तदाबाची गोळी आहे, पोरी. डोळे उघडेच राहत नाहीत.”

“मग दीड वाजता कॉफी घेऊन येईन. कुणाला कळणार नाही.”

दुसऱ्या दिवशी सव्वा वाजता व्हर्लीन थर्मास कोटाखाली झाकून कोर्टाच्या मागच्या जिन्याकडे निघाली.