कानामागची टिकली

चौथीच्या वर्गात हजेरी चालली होती. "ह-ह-हजर," एक पोरगी म्हणाली. पुढचा पोरगाही तस्साच अडखळला. नव्यानंच आलेल्या भैरवचं डोकं सटकलं. आधीच्या शाळेतली पोरं त्याच्या अडखळण्याची अशीच नक्कल करायची. दप्तर उचलून तो निघालाच, तेवढ्यात बाईच म्हणाल्या, "ब-बस रे बाळा."

शेजारच्या दांडग्या तेजलनं कानामागची इवल्याशा यंत्राची टिकली दाखवली. "ही ल-लावली की जीभ तुझ्यासारखी अडते. नवीन पोराच्या प-पहिल्या दिवशी अख्ख्या वर्गानं लावायची." एवढं बोलून तिला घाम फुटला. "तू र-रोज असं बोलतोस? लय दम आहे राव तुझ्यात."

भैरव खाली बसला. "आधी श्वास स-सोड," तो तिला सांगू लागला, "म-मग बोल."

मागच्या बाकावरची पोरंही कान देऊन ऐकू लागली.