आवाजाला चित्र

निवृत्त सासऱ्यांनी 'आनंदी म्हातारपण' या विषयावर चाळीस मिनिटांचं भाषण फोनवर रेकॉर्ड केलं. नुसता आवाज कोण ऐकणार, म्हणून जावयाने सौजन्याने त्यावर सूर्यफुलाचा फोटो लावला आणि व्हिडिओ करून इंटरनेटवर चढवून दिला. त्या सौजन्याला आता दोन वर्षं झाली होती. रोज सकाळी सहाला नवं भाषण येऊन पडायचं आणि जावई दाढीचा साबण तोंडावर वाळवत, नव्याण्णव टक्क्यांवर अडकलेल्या पट्टीकडे बघत बसायचा. फुलं केव्हाच संपली होती. फोटोंची गाडी आता कोबीपर्यंत आली होती.

"बाबांना नाही म्हणायचं तर तूच म्हण," बायको सांगायची. "मला माहेर हवंय."

शेवटी एका रविवारी त्याने मनाचा हिय्या केला. "बाबा, खरं सांगू? मला हे आता झेपत नाही. थांबवू या का?"

सासऱ्यांनी हातातला फोन बाजूला ठेवला. मग हळूच म्हणाले, "जावईबापू, मला तरी कुठे झेपतंय? विषय संपून वर्ष झालं. पण एकच माणूस आहे, रोजचं भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतो. आकड्यांत दिसतं मला. बिचाऱ्याला दुसरं कोणी नसेल हो. त्याला वाऱ्यावर कसं सोडायचं?"

 

एकदा शेवटची दोन मिनिटं कापली गेली तेव्हा सासरे आठ दिवस रुसले होते. तेव्हापासून चढवलेला प्रत्येक व्हिडिओ जावई ऑफिसला जाताना पुरा ऐकून तपासत असे.