भिंतीवरचा लाल कागद

नोएमीने मोबाइल वर धरला, पण फोटो काढायला भिंतीवर काही उरलंच नव्हतं. काल दाराशेजारी चिकटवलेला लाल कागद गायब होता. त्या जागी ओल्या पांढऱ्या रंगाचा चौकोन चकाकत होता. त्याच्यामुळे बाकीची भिंत आणखीच मळकट दिसत होती.

दारात मोन्सेर्राते मावशी मांडीवर पातेलं घेऊन हिरवी केळी सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"मावशी, कागद कुठं गेला?"

"कुठला कागद?"

"इंजिनियरनी लावलेला. लाल."

"वाऱ्याने गेला असेल."

"आणि रंगही वाऱ्यानेच लावला?"

मावशीने साल पायाशी टाकलं. "डोकं नको खाऊ सकाळी सकाळी. गाव पडलंय, जा, दुसरीकडं शोध तुझं लाल."

भूकंप झाल्यापासून नोएमीला एका जागी बसवत नव्हतं. दिवसभर ती चोने गावाच्या गल्ल्यांतून फिरायची आणि दिसेल त्या लाल चिठ्ठीचा फोटो काढायची. बाजारात बांधलेल्या गाईच्या कानातला बिल्ला, मासळीच्या डब्यावरचं लेबल, दुकानात टांगलेल्या शर्टाची किंमत, दवाखान्यात रक्ताच्या पिशवीवरची पट्टी. कशासाठी, ते तिला सांगता आलं नसतं. मोबाइल धरला की पाय जरा एका जागी ठरायचे, एवढंच. मग घराघरांवर कागद लागले. हिरवा म्हणजे राहा, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे आत पाऊल टाकू नका. तिने त्यांचेही फोटो काढले. मावशीच्या घराचा कालचा फोटो उन्हाच्या तिरिपीने बिघडला, म्हणून ती पुन्हा आली होती.

गल्लीच्या तोंडाशी एक छोटा ट्रक वळला. मागे गादी, फ्रिज आणि तीन चाकांची सायकल. ड्रायव्हरशेजारून एक बाई उतरली, तिच्यामागून पाच-सहा वर्षांची मुलगी.

"कोण गं ही?"

"ग्लेंदा. शाळेत शिकवते. वरचा मजला भाड्याने दिलाय तिला."

"मावशी..."

"आवाज खाली." मावशीची सुरी भराभर चालू होती. "तो इंजिनियर कॉफी घ्यायलासुद्धा थांबला नाही. भिंतीवर एक थाप मारली, कागद चिकटवला आणि निघाला. हे घर तुझ्या काकांनी हाताने बांधलंय. आणि वरचा मजला रिकामा ठेवून मी खाऊ काय? तुझे फोटो?"

नोएमी फाटकापर्यंत गेली आणि परत आली. मोबाइल खिशात टाकला, लगेच पुन्हा काढला.

"आलो बाई एकदाचे, काकू," ग्लेंदा हसत आत आली. मुलगी तिच्या आधीच बाहेरच्या जिन्याने वर पळाली होती. नोएमीच्या हातातला मोबाइल बघून ग्लेंदा म्हणाली, "आमचा एक फोटो काढतेस? आईला पाठवते. आम्ही नीट कुठं टेकलो का, या काळजीने तिला झोप नाही."

ग्लेंदा जिन्याखाली उभी राहिली, वर कठड्याशी मुलगी. नोएमीने मोबाइल डोळ्यांसमोर धरला. मुलीच्या मागे खांब तुळईपासून सुटला होता. फटीतून आभाळाची पट्टी दिसत होती. नोएमी डावीकडे सरकली, मग उजवीकडे, मग खाली बसली. फट काही फोटोबाहेर जाईना.

"मी बाजूला होऊ का?" ग्लेंदाने विचारलं.

"नको."

नोएमीने मोबाइल खाली घेतला. कालचा फोटो उघडला आणि ग्लेंदापुढे धरला.

ग्लेंदाने दोन बोटांनी तो मोठा केला. तिरिपीखालची अक्षरं पुसट होती, पण वाचता येत होती. दार तेच होतं.

"कधीचा?"

"कालचा."

ग्लेंदा भिंतीपाशी गेली. पांढऱ्या चौकोनावर बोट टेकवलं. बोटाला रंग आला. मग तिने वर बघितलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "बाळा, खाली ये. हळू. कठड्याला धरू नकोस."

मुलगी एकेक पायरी उतरेपर्यंत कोणी हललं नाही. ड्रायव्हर फ्रिजची दोरी अर्धवट सोडून तसाच उभा होता.

"झालं समाधान?" मावशी नोएमीला म्हणाली. "सख्ख्या बहिणीची पोर माझी. परक्यांनीही असं केलं नसतं."

ग्लेंदाने मुलीचा हात धरला आणि मावशीसमोर येऊन उभी राहिली. आता ही फाडफाड बोलणार, असं नोएमीला वाटलं.

"काकू, आमच्याही घराला हाच लाल कागद लावलाय," ग्लेंदा म्हणाली. "म्हणून तर तुमच्याकडं आलो. तुम्ही रात्री झोपता तरी कुठं?"

सुरी थांबली.

"मागे. अंगणात, चिंचेखाली."

"एकट्याच?"

"मग काय, गाव बोलावू सोबतीला?"

तेवढ्यात जमीन हलकेच शहारली. पातेल्यातली केळी एकमेकांवर सरकली, विजेच्या तारा झुलल्या, गल्लीतली कुत्री एकदम भुंकायला लागली. मुलीने आईच्या पोटात तोंड खुपसलं. मग सगळं पुन्हा जागच्या जागी.

मावशी उठली. हात पुसायला काहीतरी शोधत राहिली, शेवटी झग्यालाच पुसले.

"अजून एक बाज मावेल तिथं," ती म्हणाली. "ताडपत्री आहे माझ्याकडं."

ग्लेंदाने मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग ड्रायव्हरकडे बघून मान डोलावली. त्याने गादी डोक्यावर घेतली आणि सवयीने सरळ दाराकडे निघाला.

मावशी त्याच्या आडवी उभी राहिली.

"आतून नाही," ती म्हणाली. "बाजूच्या बोळातून न्या."